खांद्यातलं वादळ

डल्सीमावशी रोज पहाटे पलंगाच्या कडेला बसून मुठी वळायची. आधी उजवी, मग डावी. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट आत घ्यायची, हजेरी घेतल्यासारखं. मूठ पूर्ण वळली तर दिवस चांगला. मधलं बोट अडलं तर दुपारनंतर वारा. अंगठा आत यायलाच तयार नसला तर नैर्ऋत्येकडून पाऊस, तोही वाऱ्यासकट. यातलं ती मोठ्यानं काही बोलायची नाही. मुठी वळून झाल्या की झोपलेल्या अँब्रोजकाकांना टाचेनं ढोसायची आणि एकच शब्द म्हणायची. "वर." किंवा "अर्धा." किंवा "खाली."

हे स्वयंपाकघराच्या पडद्याबद्दल असायचं. त्यांचं घर टेकडीवर, खिडकी थेट बंदराकडे तोंड करून. काका उठायचे, चूल पेटवायच्या आधी पडदा सांगितल्याप्रमाणे करायचे आणि मगच लघवीला जायचे. पडदा वर म्हणजे होड्या काढा. अर्धा म्हणजे किनारा धरून राहा. खाली म्हणजे घरी बसा, जाळी विणा. आमच्या टर्न कोव्ह गावात तेव्हा बावीस घरं आणि नऊ होड्या होत्या. नऊ होड्यांची माणसं चहाचे थर्मास काखेत मारून धक्क्यावर यायची आणि समुद्राकडे बघायच्या आधी त्या खिडकीकडे बघायची.

रेडिओ होता की. दर तीन तासांनी हवामान सांगायचा. "रेडिओ अख्ख्या दक्षिण किनाऱ्याचं सांगतो," क्लेम हाइन्स म्हणायचा, "मावशी आपल्या खाडीच्या तोंडापुरतं सांगते. मी खाडीच्या तोंडातून जातो, अख्ख्या किनाऱ्यावरून नाही."

मावशी ना क्लेमची होती ना माझी. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेली बाई सगळ्या गावाची मावशी होते आणि पुरुष काका. रक्ताचं नातं असलं तर उलट नावानं हाक मारायची मुभा असते.

ती सोळाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागली. सरकत्या पट्ट्यावरून कॉड मासा यायचा, बर्फाच्या पाण्यातून काढायचा, दोन घावांत काट्यापासून मांस वेगळं करायचं, पुढे ढकलायचं. तिच्या शेजारी माझी आई उभी असायची. आई सांगते, डल्सीचा सुरा बघायला बाकीच्या बायकांचे हात थांबायचे. तिच्या तुकड्यावर काटा राहायचा नाही आणि काट्यावर मांस राहायचं नाही. छत्तिसाव्या वर्षी एका सकाळी तिच्या हातातून तोच सुरा पडला. उचलला, पुन्हा पडला.

"गार पाण्याचं दुखणं," सगळ्या म्हणाल्या. ते तर पट्ट्यावरच्या प्रत्येकीला होतं. मनगटाला लाल फ्लॅनेल गुंडाळायचं आणि उभं राहायचं. पण डल्सीमावशीचं दोन्ही हातांत सारखं होतं. सकाळी जास्त, दुपारी कमी. मग गुडघ्यात आलं, पायाच्या बोटांत आलं, जोडे घालवेनात. सेंट जॉन्स शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, हा झिजेचा संधिवात नाही, आमवात आहे. शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांना शत्रू समजते आणि आत जाळपोळ करते.

"म्हणजे ती आता स्वतःशीच भांडते," अँब्रोजकाका म्हणाले. "चला, मला थोडी विश्रांती."

दुखण्याला हवा कळते हे हळूहळू लक्षात आलं. पण ते गावाचं झालं धक्का वाहून गेला त्या वर्षी. त्या नोव्हेंबरात एका सकाळी तिची बोटं गप्प होती आणि डावा खांदा ठणकत होता. इतका की तिनं काकांना होडी पार रस्त्यापर्यंत ओढून घ्यायला लावली. आकाश निळं होतं. क्लेमचा बाप धक्क्यावर उभा राहून हसला, "अँब्रोज, होडीला चर्चला नेतोस काय रे?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्का नव्हता आणि क्लेमच्या बापाची होडीही नव्हती. तेव्हापासून गावात म्हण झाली: बोटांत येतो तो वारा, खांद्यात येतं ते वादळ.

ती किती वेळा चुकली हे कोणी मोजलं नाही. आम्हाला ती बरोबर आली तेवढेच दिवस आठवायचे. आणि चुकीचं काही असलं तरी घरी बसल्यानं कोणी बुडत नाही.

कॉड संपला आणि कारखाना बंद झाला तेव्हा ती चव्वेचाळीसची होती. कोणी तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेले, कोणी केस कापायचं शिकले. माझ्या आईनं दुकान काढलं. मावशीच्या हातांना कोणी काम दिलं नसतं. बोटं आता एका बाजूला झुकली होती, वाऱ्याच्या कडेला वाढलेल्या झाडांसारखी. पण पहाटे नऊ होड्या तिच्यासाठी थांबायच्या. मला वाटतं, त्या बंद वर्षांत गावात एकच गोष्ट अशी होती जी रोज कामावर जात होती, आणि ती म्हणजे तिचं दुखणं. लोक विचारायचे, "आज कसं आहे, मावशी?" आणि ते खरंच उत्तराची वाट बघायचे. किती आजारी माणसांच्या वाट्याला हे येतं?

रविवारी ती आमवाताची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मोठी गोळी घ्यायची. बाकीचे सहा दिवस आमच्या दुकानातल्या दुखण्याच्या साध्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या. त्या ती मनुक्यांसारख्या खायची.

दर बुधवारी चर्चच्या तळघरात नर्स यायची. ग्लेनिस स्टकलेस, पलीकडच्या खाडीतली, पस्तिशीची, मोठ्या आवाजाची. गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी तिनं मावशीला बसवून घेतलं होतं. मी आईला रक्तदाब मोजायला घेऊन गेले होते. तळघरात पडदा लावून केलेल्या दोन खोल्या, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं.

"मावशी, हातांचं बघतोच आपण. मला तुमच्या हृदयाबद्दल बोलायचंय."

"का? त्यानं काय केलं?"

"अजून काही नाही. पण आमवात असलेल्या माणसांना हृदयाचा आजार जास्त होतो. साखरेच्या रोग्यांना होतो ना, जवळपास तितका."

"माझ्या हृदयाला सांधा आहे का गं?"

पडद्याच्या अलीकडे आई फस्सकन हसली.

"सांधा नाही," ग्लेनिस म्हणाली, "पण जी आग सांध्यांत पेटते ती तिथेच थांबत नाही. रक्तातून फिरते. रक्तवाहिन्या आतून सुजतात, खरबरीत होतात, त्यांना थर धरतो. त्यात तुमचा रक्तदाब हा असा. त्यात तुम्ही त्या गोळ्या मूठमूठ खाता, त्यांनीही हृदयावर ताण येतो. त्यात दुखतं म्हणून चालणं बंद."

"मी बारीक आहे बाई. आमच्या घरात कोणाला हृदयाचं नव्हतं. सगळे बुडून मेले."

"पुढच्या बुधवारी उपाशीपोटी या, रक्त घेते. आणि रविवारचं ते खारवलेलं मांस थोडं कमी करा."

"मग रविवार ठेवायचा कशाला?" हे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अँब्रोजकाका.

पुढच्या बुधवारी मावशी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्लेनिस भेटली की विचारायची आणि मावशी म्हणायची, "येते गं, जरा हवा सुधारू दे."

ती हट्टी होती असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तिच्याकडे दुखण्याचा अर्थ लावायची एक पद्धत होती. तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेली, सगळ्या गावानं मान्य केलेली. आपल्यात दुखणारं अजूनही काही असू शकतं आणि ते हवेबद्दल काहीच सांगत नाही, हे ऐकायला तिच्यात जागा नव्हती. आमच्यातही नव्हती.

मे महिना होता, लॉबस्टरचा हंगाम. दहा आठवड्यांत वर्षाची भाकरी मिळवायची असते, एक दिवस गेला तर चटका बसतो. त्या मंगळवारी पहाटे मावशीनं मुठी वळल्या. दोन्ही पूर्ण वळल्या, बऱ्याच महिन्यांनी. पण डावा खांदा जड होता. ठणका नव्हता, कोणीतरी ओला दोर गुंडाळून वर बसलंय असं काहीतरी. ते मानेतून जबड्यापर्यंत चढत होतं. तिला दरदरून घाम आला होता. हे तिनं मला नंतर सांगितलं. म्हणाली, "मला एकदा वाटलं की हे नेहमीसारखं नाही. मग धक्क्याचं आठवलं. तेव्हाही बोटं गप्पच होती."

"खाली," ती काकांना म्हणाली. "खांद्यात आलंय."

काका पलंगावरून उडालेच. पडदा खाली आला. शिवाय काकांनी फोनही केले. सात होड्या धक्क्यावरून परत वर ओढल्या गेल्या, दोन निघाल्याच नव्हत्या. क्लेमनं दोन दोर जास्तीचे बांधले. बायकांनी वाळत घातलेले कपडे काढले. माझ्या आईनं दुकानाच्या पाटीला खिळा मारला.

आणि दिवस उगवला तो असा, की तसा आमच्याकडे वर्षातून चार वेळा उगवतो. समुद्र तेलासारखा. सीगल पक्षी पाण्यावर बसून स्वतःचं प्रतिबिंब बघत होते. दुपारपर्यंत गावानं दम धरला. संध्याकाळी लोक पायऱ्यांवर बसून दूधवाल्या चहाबरोबर वादळाची वाट बघत होते.

"बाहेर अडकलंय," काका म्हणाले. "येईल."

बुधवारी पहाटे पडदा पुन्हा खाली.

आता चार होड्या गेल्या. पाच राहिल्या त्या श्रद्धेनं नाही, लाजेनं. क्लेम राहिला. नऊ वाजता तो दुकानात तंबाखूला आला तेव्हा त्याचे दोन चुलतभाऊ आधीच काउंटरला टेकून उभे होते.

"काय क्लेम, कपडे भिजले का वादळात?"

"गप रे."

"मावशीचा काटा गंजला आता. तेल घालायला पाहिजे."

"खांद्यात वादळ! मला वाटतं रात्री काकांनी जास्त जोरात मिठी मारली."

सगळे हसले. मीही हसले. त्या वर्षी मी शेवटच्या परीक्षा देऊन नुकती घरी आले होते आणि आईच्या जागी काउंटरला उभी होते. तेवढ्यात ग्लेनिस आत आली. क्लिनिक उघडायच्या आधी ती आमच्याकडून दूध घ्यायची. तिला दुरून गाडी चालवत यावं लागायचं, म्हणून तिला गावचं काही माहीत नसायचं, आणि ते सांगायची आम्हाला हौस. मीच सांगितलं.

"नर्सबाई, छत्री आणलीत ना? मावशीनं दोन दिवस वादळ लावलंय." मी खिडकीकडे हात केला. बाहेर पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

ग्लेनिस हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली.

"कुठे दुखतंय तिला?"

"खांदा. डावा. जबड्यापर्यंत, काका म्हणत होते."

"आणि हात?"

"हात म्हणे एकदम छान. म्हणून तर सगळे म्हणतायत की..."

"आणखी काय म्हणाले काका?"

मी आठवलं. "कालपासून जिन्यावर धापा टाकतेय. पण ती म्हणते हवा जड झाली की होतं."

ग्लेनिसनं खिडकीबाहेर बघितलं. मग दुधाची बाटली काउंटरवर ठेवली, अगदी हळू, आणि क्लेमकडे वळली. "तुझा ट्रक कुठाय? माझी गाडी चर्चपाशी आहे."

"बाहेर. का?"

"अरे, हवेत वादळ नाहीये. मग ते कुठे आहे?"

क्लेमनं तंबाखू काउंटरवर टाकली आणि किल्ल्या काढत तिच्याबरोबर बाहेर पडला. मी काउंटर सोडून त्यांच्या मागे धावले, का ते मला माहीत नाही. कदाचित मी ते विनोद म्हणून सांगितलं होतं म्हणून.

मावशी स्वयंपाकघरात बसून सलगम सोलत होती. पडदा खाली असल्यामुळे दिवा लावलेला. चेहरा पिठासारखा.

"काय गं ग्लेनिस, माझी टर उडवायला तूही आलीस?"

"मावशी, सुरी खाली ठेवा. डावा हात वर करा बघू."

"करते. मोडलेला नाहीये." तिनं हात वर केला, डोक्याच्याही वर.

"वर करताना जास्त दुखलं?"

"नाही."

"गोल फिरवा. आता?"

"तेवढंच आहे."

"मी दाबते इथे. दुखतं?"

मावशीनं नाही म्हणून मान हलवली. तिच्या कपाळावर आठी पडली होती, पण ती दुखण्याची नव्हती. तीस वर्षं तिचे सांधे हलले की ओरडायचे, दाबले की ओरडायचे. हे कशालाच ओरडत नव्हतं. हात कुठेही नेला तरी ते आपलं आपल्या जागी बसून होतं.

"जिना चढलात की वाढतं?"

"हो."

"बसलात की कमी होतं?"

"काल व्हायचं," मावशी म्हणाली. मग थांबून, "आज नाही झालं."

"तुमचा खांदा ठीक आहे, मावशी," ग्लेनिस म्हणाली. तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला होता. पिशवीतून तिनं रक्त पातळ करणारी एक गोळी काढली. "ही चावा. गिळू नका, चावा."

मावशीनं गोळी चावली. आधी ग्लेनिसकडे बघितलं, मग काकांकडे. काका पडद्याची दोरी धरून उभे होते, ती कधी धरली हे त्यांनाही माहीत नसावं.

"मग मी त्या पोरांना दोन दिवस उगाच घरी बसवलं?" ती म्हणाली.

क्लेमच्या ट्रकमधून तिला चर्चला नेलं, आणि तळघरातल्या ईसीजीनं पाच मिनिटांत सांगितलं. ग्लेनिसनं फोनवर डॉक्टरला रेषा वाचून दाखवल्या. रुग्णवाहिका यायला सव्वा तास लागला, आणि त्या सव्वा तासात क्लेम हाइन्स चर्चच्या पायरीवर बसून होता. आधी मोठ्या गावात, मग हेलिकॉप्टरनं सेंट जॉन्सला. हृदयाची एक वाहिनी पूर्ण बंद होती, दुसरी बंद व्हायच्या वाटेवर. वाहिन्या उघड्या ठेवणाऱ्या दोन बारीक जाळ्या, म्हणजे स्टेंट, बसवल्या. तिथला डॉक्टर काकांना म्हणाला, छोटा झटका मंगळवारीच येऊन गेला असणार. पुढचा मोठा होता. आणि म्हणाला, संधिवाताची माणसं बऱ्याचदा उशिरा येतात, त्यांना दुखण्याची सवय असते.

काका हे सगळं दुकानात सांगत होते, टोपी हातात फिरवत. "मी दोन दिवस तिच्याकडे बघितलंच नाही," ते म्हणाले. "ती म्हणाली खांदा, आणि मी समुद्राकडे बघत बसलो." आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मावशी तीन आठवड्यांनी परत आली. पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघराचा पडदा काढून टाकला. दांडीसकट. क्लेम भेटायला गेला होता, टोपलीत दोन लॉबस्टर घेऊन.

"मग मावशी, आता आम्ही कोणाला विचारायचं?"

"रेडिओला. तो पगार घेतो."

"रेडिओला आपली खाडी कुठाय ते माहीत नाही."

"आणि मला माझं हृदय कुठाय ते माहीत नव्हतं. तरी तुम्ही विचारतच होतात."

ती हसत म्हणाली, पण तो उन्हाळा तिला जड गेला. मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जायचे, आधी कुंपणापर्यंत, मग चर्चपर्यंत. रस्त्यात भेटणारे आता हळू बोलायचे. "बरं वाटतंय ना, मावशी?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. आधी असं कधी झालं नव्हतं. एकदा बोटं ताठ झाली होती, आणि वारा येणार हे मलाही ढगांवरून दिसत होतं. तिनं वाऱ्याचं नाव काढलं नाही. कुंपणाला टेकून श्वास घेत उभी राहिली आणि मग म्हणाली, "पूर्वी दुखायचं तेव्हा वाटायचं, चला, कोणाच्या तरी कामाला येईल. आता नुसतं दुखतं. आणि काही दुखलं की भीती वाटते. हे ते तर नाही? रोज सकाळी अंगभर चाचपडत बसते, चोर शोधल्यासारखी."

यावरचं उत्तर आलं ते तिच्याच डोक्यातून, आणि सप्टेंबरात.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पट्ट्यावरच्या बायका पत्ते खेळायच्या. अकरा जणी. अकरा जणींचे हात टेबलावर, आणि त्यातला एकही सरळ नाही. कोणाला झिजेचं दुखणं, तिघींना मावशीसारखंच. पत्ते धरता येत नाहीत म्हणून त्यांनी लाकडाला खाचा पाडून पत्ते उभे करायच्या पट्ट्या करून घेतल्या होत्या. त्या गुरुवारी मावशीनं पत्ते पिसायला नकार दिला.

"आधी मला सांगा, कोणाकोणाचं काय दुखतंय."

"अगं, मग खेळ कधी होणार?" माझी आई म्हणाली.

"व्हेल्मा, तुझ्यापासून. काय दुखतंय?"

"काय दुखत नाही ते विचार," आई म्हणाली.

"तेच विचारतेय. कुठलं दुखणं तुझं जुनं आहे, ओळखीचं? आणि कुठलं नवीन आलंय, हात हलवला तरी तसंच राहतं, जिना चढला की वाढतं, बसलं की जातं? धाप लागते का? काही न करता दमायला होतं का? जबडा?"

"माझा जबडा तर नवऱ्याशी बोलून दुखतो," एक जण म्हणाली आणि टेबल हसलं.

"हस," मावशी म्हणाली. "मीही हसले होते. माझ्या हृदयाला सांधा आहे का असं विचारलं होतं मी ग्लेनिसला. ऐकलंय ना तुम्ही सगळ्यांनी? ऐकलंच असणार, त्या तळघरात काय लपतं." मग तिनं आपले दोन्ही हात टेबलाच्या मध्ये ठेवले. "हे आपण सगळ्याजणी रोज बघतो. दिसतं ना, म्हणून. ग्लेनिस म्हणते की हीच आग आतही असते आणि ती दिसत नाही. मोजावी लागते. बुधवारी यायचं, दंड पुढे करायचा, रक्त द्यायचं. दुखायची वाट बघायची नाही. दुखण्यात आपण कच्च्या आहोत."

"आपण?" आई म्हणाली. "आपण तर पक्क्या आहोत. तीस वर्षं सोसतोय."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाली.

पुढच्या बुधवारी चार जणी गेल्या. वर्षाअखेर नऊ. दोघींना रक्तदाबाची गोळी लागली, एकीला कोलेस्टेरॉलची. एकीला ग्लेनिसनं त्याच आठवड्यात सेंट जॉन्सला पाठवलं आणि ती वेळेत पोचली. दुकानातल्या त्या गोळ्यांच्या डब्यावर आईनं चिकटपट्टी लावून लिहिलं, "आधी ग्लेनिसला विचारा." आईचं स्वतःचं मात्र घोडं अडलेलं; मी ओढत नेलं होतं ते एकदाच. तिला मावशीसारखाच आमवात, वडील हृदयानं गेलेले, आणि बुधवार आला की दुकानात माल यायचा. दर बुधवारी. मावशीनं दोन वर्षं तिचा पिच्छा सोडला नाही. शेवटी एकदा तीच काउंटरला येऊन उभी राहिली, म्हणाली, "तू जा, मी माल उतरवून घेते," त्या हातांनी. आई लाजून गेली. रक्तदाब इतका निघाला की ग्लेनिसनं तिला तासभर घरी सोडलं नाही.

मावशीचे हात त्या वर्षांत आणखी वळले. पण ती चालायची, रोज, पार दिवादांडीच्या फाट्यापर्यंत. रस्त्यात लोक पुन्हा थांबायला लागले होते. "मावशी, हे बघ जरा, इथे दुखतं, हे कुठलं असेल?" ती दोनतीन प्रश्न विचारायची आणि मग एकतर म्हणायची, "हवा आहे, जा," किंवा म्हणायची, "ग्लेनिसकडे. आज." आपण डॉक्टर नाही हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून दुसरं उत्तर ती जरा जास्तच वेळा द्यायची, आणि ग्लेनिस वैतागायची, आणि कोणालाही परत पाठवायची नाही.

झटक्यानंतर ती सात वर्षं जगली. सेंट जॉन्सच्या डॉक्टरनं इतकी धरली नव्हती. एका फेब्रुवारीत, झोपेत गेली. हृदयच थांबलं, ग्लेनिस म्हणाली, पण यावेळी कोणाच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. औषधं वेळेवर होती, आदल्या आठवड्यात मोजलेले आकडे वहीत होते. काकांनी सकाळी चहा नेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती.

आदल्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी संध्याकाळी ती बाकीच्या दहा जणींना फोन करून दुसऱ्या दिवशी ग्लेनिसकडे जायची आठवण द्यायची. शेवटचा फोन आमच्याकडे यायचा, कारण आईशी बोलणं लांबायचं. त्या दिवशी आई दुकान बंद करत होती, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला होता आणि मीही ऐकत होते. बर्फाबद्दल झालं, क्लेमच्या नव्या होडीच्या रंगाबद्दल झालं. तो रंग दोघींनाही आवडला नव्हता. मग मावशी म्हणाली:

"आणि व्हेल्मा, उद्या तो जाड स्वेटर घालून जाऊ नकोस. मागच्या वेळी तुझी बाही वर जाईना, ग्लेनिसची पंधरा मिनिटं गेली."